भुतांच्या शोधात विसरलेली माणसे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. तेथील बॉडमिन या गावी जुना दगडी तुरुंग आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उभा राहिला, १९२७ साली बंद पडला आणि पुढे भुताखेतांच्या कथांमुळे पर्यटकांचे आकर्षण ठरला. 'मोस्ट हॉन्टेड' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा चमू एका रात्री तेथे चित्रीकरणासाठी उतरला. दिवे मालवले गेले. अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या त्या हिरवट प्रकाशात मालिकेतील माध्यम डेरेक अकोरा यांचा आवाज बदलू लागला. मराठीत ज्याला 'अंगात येणे' म्हणतात, अगदी तसे घडले. अंगात आलेला मृतात्मा म्हणे एका क्रूर दक्षिण आफ्रिकी तुरुंगाधिकाऱ्याचा होता आणि त्याचे नाव होते क्रीड काफर.

हा क्रीड काफर त्या तुरुंगातच काय, जगात कोठेही कधी जन्माला आला नव्हता. ते नाव कागदावर जन्मले होते आणि त्याचे जनक होते त्याच मालिकेत काम करणारे परामानसशास्त्रज्ञ डॉ. किअरन ओ'कीफ. लिव्हरपूल होप विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या या गृहस्थांना अकोरा यांच्या सिद्धीविषयी शंका येऊ लागली होती. त्यांनी एक नाव रचले, चिठ्ठीवर लिहिले आणि चित्रीकरणाआधी ते अकोरा यांच्या कानी पडेल अशी व्यवस्था एका सहकाऱ्यामार्फत केली. 'क्रीड काफर' या नावातील रोमन अक्षरांचा क्रम बदलला की 'डेरेक फेकर' असे शब्द तयार होतात, म्हणजे तोतया डेरेक. मराठी वाचकाला येथे भाषांतराचीही आवश्यकता नाही. थापा 'फेकणे' म्हणजे काय, हे त्याला उपजतच ठाऊक असते.

एका प्रयोगावर समाधान मानणे शास्त्रज्ञाला शोभले नसते. प्रिडो प्लेस या कॉर्नवॉलमधीलच एका वाड्यासाठी ओ'कीफ यांनी 'रिक ईडल्स' नावाचा वाटमाऱ्या निर्माण केला. याही नावाची अक्षरे उलटसुलट केली तर 'डेरेक खोटे बोलतो' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द हाती येतात. तोही वाटमाऱ्या यथावकाश प्रकट झाला. स्कॉटलंडमधील क्रेगीव्हार किल्ल्याच्या वेळी तर त्यांनी चक्क सिंहहृदयी रिचर्ड राजाची कथा पेरली. हा राजा ११९९ साली मरण पावला आणि क्रेगीव्हार किल्ला बांधून पूर्ण झाला १६२६ साली. ज्या भिंती चार शतकांहून अधिक काळानंतर उभ्या राहायच्या होत्या, त्यांतून आरपार जाण्याचे सामर्थ्य या भुताला लाभले होते! ऑक्टोबर २००५ मध्ये ओ'कीफ यांनी हे सारे 'डेली मिरर' या दैनिकाकडे उघड केले. अकोरा यांनी आरोप नाकारले. त्याच वर्षी ते मालिकेतून बाहेर पडले. २०२० च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. तोपर्यंत आपल्या शक्तीवरचा दावा त्यांनी सोडला नव्हता.

या प्रकरणावर संशयवादी हसले ते स्वाभाविकच होते. त्यांच्या दृष्टीने भूतच नसल्यामुळे खरे भूत आणि खोटे भूत असा भेद संभवत नाही. परंतु या मालिकेचा जो निष्ठावान चाहता होता, आठवड्यामागून आठवडे जो रात्री दिवे घालवून ती पाहत होता, त्याचे मत काय? त्याला भाबडा ठरवून वाटेला लावणे सोपे आहे. वस्तुतः मालिकेचे सर्वांत कठोर आणि न्याय्य परीक्षण तोच करू शकतो, कारण कोणत्या भागात काय होते आणि कोणत्या भागात काय हरवले, हे त्याच्याच लक्षात आहे.

मालिका सुरू झाली २५ मे २००२ रोजी, 'लिव्हिंग' या वाहिनीवर. मुलांच्या 'ब्लू पीटर' या कार्यक्रमातून घराघरांत परिचित झालेल्या इव्हेट फील्डिंग निवेदिका होत्या आणि त्यांचे पती कार्ल बीटी यांच्यासह स्थापलेली त्यांची स्वतःचीच निर्मितीसंस्था ती तयार करीत असे. योजना साधी होती. एखादी जुनी वास्तू निवडायची, दिवसाउजेडी तिचा इतिहास सांगायचा, माध्यमाला दालनांतून फिरवायचे आणि मग रात्र त्या वास्तूत काढायची. पहिला भाग डॉर्सेट परगण्यातील अॅथलहॅम्प्टन या मध्ययुगीन वाड्यात चित्रित झाला होता. त्या वाड्याची आख्यायिका मोठी विलक्षण आहे. मार्टिन घराण्याच्या कुलचिन्हावर वानर होते आणि त्या घराण्याने पाळलेले एक वानर भिंतीआड कोंडले जाऊन मेले, असे म्हणतात. त्याच्या ओरखड्यांचा आवाज आजही येतो आणि तळघरात पिंपे ठोकणाऱ्या कारागिराच्या हातोडीचे ठोके ऐकू येतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा.

चाहत्याचे प्रेम जडले ते अशा कथांवर आणि त्यानंतरच्या शांततेवर. सुरुवातीच्या भागांतील सर्वोत्तम क्षण कोणते, असे त्याला विचारले तर तो किंकाळ्यांचे क्षण सांगणार नाही. चार माणसे एका अंधाऱ्या खोलीत बसली आहेत, कोणी बोलत नाही, कोठेतरी लाकूड कुरकुरते, सगळ्यांच्या माना वळतात आणि पुन्हा काहीच घडत नाही, असे ते क्षण होत. काही न घडण्याची ही मिनिटेच मालिकेचे खरे भांडवल होती. जुन्या वाड्यात रात्र काढलेल्या कोणालाही ती मिनिटे ओळखीची वाटतात. परंतु वाहिन्यांच्या जगात काही न घडणे हा अपराध असतो. पर्वे पुढे सरकली तशी शांतता आक्रसत गेली; खडे पडू लागले, टेबले हलू लागली आणि कॅमेरा ज्या दिशेला नाही नेमके तेथेच सारे घडू लागले. आणि माध्यम जवळजवळ प्रत्येक भागात घुमू लागला.

एक उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहातील 'करड्या वेषातील पुरुष' हे ब्रिटनमधील बहुधा सर्वांत प्रसिद्ध नाट्यगृहीन भूत. तिकोनी टोपी घातलेला हा गृहस्थ वरच्या सज्जात दिसतो आणि तो दिसला की नाटक यशस्वी होते, असा नटांचा समज आहे. पण तो दिसतो कधी? तर दिवसा, तालमीच्या किंवा दुपारच्या खेळाच्या वेळी. या मालिकेने ड्रुरी लेनचीही वाट धरली, ती मात्र आपल्या रीतीप्रमाणे रात्री, दिवे मालवून. ज्याला भेटायचे त्याची भेटीची वेळ ठाऊक असूनही भलत्याच वेळी दार ठोठावणाऱ्या पाहुण्याला शोधक म्हणायचे की आणखी काही?

शोध घेण्याची दुसरी रीत नव्हती असे नाही. १९९८ साली कॉव्हेंट्री येथील विक टँडी या अभियंत्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या प्रयोगशाळेत लोकांना भीती वाटे, अंगावर काटा येई. एका रात्री त्याला स्वतःला डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचे पाते दुरुस्तीसाठी शेगड्यात आवळले, तर ते आपोआप थरथरू लागले. पळून जाण्याऐवजी त्याने ते पाते खोलीभर सरकवत नेले आणि कंप कोठे वाढतो, कोठे थांबतो हे पाहिले. अखेरीस उलगडा झाला तो असा की, नव्याने बसवलेल्या हवा फेकणाऱ्या पंख्यामुळे सेकंदाला सुमारे एकोणीस कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी खोलीत निर्माण होत होता. पंख्याच्या बैठकीत बदल करताच ती 'उपस्थिती' नाहीशी झाली. या उलगड्याने भयकथेचा रस तसूभरही कमी होत नाही.

याहून अधिक बोलके उदाहरण स्वतः ओ'कीफ यांचेच आहे. रिचर्ड वाइझमन यांच्या नेतृत्वाखाली ज्या संशोधकांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबरोच्या पुलाखालील तळघरे यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला, त्यांत ओ'कीफही होते. सामान्य माणसांना त्या जागांतून फिरवून कोठे काय वाटले याची नोंद करण्यात आली. विचित्र अनुभव ठरावीक जागीच एकवटतात आणि त्यांचा संबंध प्रकाश, दालनाचा आकार, चुंबकीय क्षेत्रातील चढउतार अशा गोष्टींशी दिसतो, असे त्यात आढळले. म्हणजे अशा शोधाची रीत ज्याला अवगत होती, असा माणूस मालिकेच्या पदरीच होता. त्याचा उपयोग काय केला गेला, तर माध्यमाच्या घुमण्यानंतर दोन शंका बोलून दाखवणारा एक चेहरा म्हणून!

अटलांटिकपलीकडे 'घोस्ट हंटर्स' ही मालिका २००४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हा तिचे आकर्षण नेमके याच्या उलट होते. तिचे दोन नायक जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन हे दिवसा नळदुरुस्तीचे काम करीत. भिंतीत ठोके ऐकू आले की ते प्रथम पाइप तपासत. हा कारागिरी विवेक पाहण्यात फार मोठा आनंद होता. पुढे २००८ च्या हॅलोविनला फोर्ट डेलावेअर येथून झालेल्या थेट प्रक्षेपणात विल्सन यांच्या जाकिटाची कॉलर मागून ओढली गेल्याचे दृश्य आले, तेव्हा ते पुनःपुन्हा थांबवून-थांबवून पाहणारे आणि हाताच्या हालचालीवर बोट ठेवणारे पुष्कळसे मालिकेचे चाहतेच होते. शत्रूंना एवढा वेळ कोठून असणार?

मनोरंजन नावाची पळवाट

ब्रिटनमध्ये प्रकरण 'ऑफकॉम' या प्रसारण-नियामक संस्थेपर्यंत गेले. प्रेक्षकांची फसवणूक झाल्याच्या तक्रारी तिच्याकडे आल्या होत्या. तेथील प्रसारण-संहितेनुसार अतींद्रिय प्रकार जर खरे म्हणून दाखवायचे असतील तर त्यांची मांडणी वस्तुनिष्ठ असावी लागते आणि मनोरंजन म्हणून दाखवायचे असतील तर तसे प्रेक्षकांना स्पष्ट कळावे लागते. डिसेंबर २००५ मध्ये ऑफकॉमने निर्णय दिला. या मालिकेत दिखाऊपणाचे प्रमाण इतके आहे की तिला खरेखुरे संशोधन मानता येणार नाही. ते मनोरंजन आहे, सबब नियमभंग झालेला नाही, असा त्याचा आशय होता.

निर्मात्यांची सुटका झाली. पण ही सुटका कोणत्याही शिक्षेपेक्षा मानहानिकारक नव्हे काय? तुमचे म्हणणे कोणी खरे मानणारच नाही, म्हणून तुम्ही दोषी नाही, असा हा न्याय. शिवाय तो वस्तुस्थितीला धरूनही नव्हता. मोजमापाची यंत्रे, परामानसशास्त्रज्ञ, इतिहासकार, नावांची पडताळणी हा सारा संभार प्रेक्षकाने काही अंशी तरी विश्वास ठेवावा यासाठीच तर होता. मनोरंजनच करायचे असते तर एखादा चांगला नट घेऊन भयनाट्य रचता आले असते. त्यासाठी बॉडमिनच्या तुरुंगात रात्र जागवण्याचे कारण नव्हते. खरेपणाच्या आश्वासनावर प्रेक्षक मिळवायचा आणि हिशेब मागितला की मनोरंजनाच्या आडोशाला जायचे, हा व्यवहार सरळ म्हणता येणार नाही.

ब्रिटिश कायद्यात या पळवाटेला जुनी परंपरा आहे. १६०४ च्या कायद्याने चेटूक हा देहान्त शिक्षेचा गुन्हा होता. १७३५ च्या कायद्याने भूमिका बदलली. चेटूक खरे नाहीच, तेव्हा ते येते असे भासवणे हाच गुन्हा ठरला. १९५१ साली त्याची जागा फसव्या माध्यमांविरुद्धच्या कायद्याने घेतली आणि त्या कायद्यात केवळ मनोरंजनासाठी केलेल्या कृत्यांना स्पष्ट सूट होती. २००८ मध्ये तोही कायदा जाऊन अशी प्रकरणे ग्राहक-संरक्षणाच्या नियमांखाली आली. चार शतकांत चेटकिणीपासून ग्राहकापर्यंतचा हा प्रवास झाला. या साऱ्या विधिव्यवहारात फसवणूक जिवंत प्रेक्षकाची झाली की नाही, एवढेच पाहिले गेले. मेलेल्यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

भुताला चरित्र असते. आपल्याकडच्या लोकसमजुतीतही मुंजा कोण, हडळ कोण, हे त्या व्यक्तीच्या मरणावरून ठरते. भूत दिसले असे म्हणणे हे मेलेल्या माणसाविषयी केलेले विधान असते. बॉडमिनच्या तुरुंगात खरोखर माणसे फासावर गेली. १८४४ साली शार्लट डायमंड या तरुणीच्या खुनाबद्दल मॅथ्यू वीक्स हा पायाने अधू असलेला शेतमजूर तेथे लटकवला गेला. १८७८ साली स्वतःच्या लहानग्या मुलाच्या हत्येबद्दल सेलिना वेज या दरिद्री स्त्रीला तेथेच फाशी झाली. भयाचा, करुणेचा, माणसाच्या अंतःकरणातील काळोखाचा किती ऐवज त्या भिंतींत होता! आणि त्या रात्री घुमला कोण, तर अक्षरांची उलथापालथ करून बनवलेला क्रीड काफर.

पेंडलची टेकडी

तरी बॉडमिन हा निरुपद्रवी भाग म्हणायचा. जो नव्हताच त्याची बदनामी होत नाही. चाहत्यांच्या मते मालिकेतील सर्वांत थरारक कार्यक्रम मात्र वेगळाच आहे. २००४ च्या हॅलोविनला लँकेशर परगण्यातील पेंडल टेकडीच्या परिसरातून केलेले ते थेट प्रक्षेपण. एका जुन्या शेतघरात चमूतील माणसे मृतात्म्यांना आवाहन करीत बसली आणि एकामागून एक गळा आवळला जात असल्याची तक्रार करू लागली. गळा आवळणाऱ्या कोण? तर १६१२ साली फाशी गेलेल्या पेंडलच्या चेटकिणी. तो भाग पाहताना अंगावर काटा येतो हे अमान्य करण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो नंतर, इतिहास वाचल्यावर.

१६१२ च्या मार्चमध्ये अॅलिझन डिव्हाइस या भिक्षेवर जगणाऱ्या मुलीने वाटेत भेटलेल्या जॉन लॉ नामक फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने नकार दिला आणि थोड्याच वेळात तो कोसळला. त्याला पक्षाघाताचा झटका आला असावा हे आज सहज सुचते. परंतु त्या पोरीला स्वतःलाच वाटले की आपल्या शापाने हे झाले. तिने रडत त्याची क्षमा मागितली. तेथून चौकशीचे चक्र फिरू लागले. तिची ऐंशीच्या घरातील अंध आजी, जी 'डेमडाइक' या नावाने ओळखली जाई, ती खटल्यापूर्वीच लँकेस्टरच्या तुरुंगात मरण पावली. ऑगस्टमध्ये खटला चालला तेव्हा मुख्य साक्षीदार होती अॅलिझनची सुमारे नऊ वर्षांची धाकटी बहीण जेनेट. पोरीला समोर पाहून आई एलिझाबेथने इतका आक्रोश केला की तिला न्यायालयाबाहेर न्यावे लागले. मग जेनेटला सर्वांना दिसावी म्हणून टेबलावर उभे करण्यात आले. तिने आईविरुद्ध आणि भावाविरुद्ध साक्ष दिली आणि अॅलिस नटर या स्त्रीला तर हात धरून ओळखून दाखवले. न्यायालयाचे लेखनिक टॉमस पॉट्स यांनी १६१३ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात हे सारे आहे. २० ऑगस्ट १६१२ रोजी लँकेस्टर येथे दहा जणांना फाशी देण्यात आले; त्यांत अॅलिझन होती, तिची आई होती, तिचा भाऊ होता.

फाशी गेलेली ही माणसे गरीब होती, भांडखोर असतील, काही जणांचा स्वतःच्या मंत्रतंत्रावर विश्वासही असेल. पण त्यांनी कोणाचा जीव मंत्राने घेतला नव्हता. गळा आवळला गेला तो त्यांचा, दोरखंडाने. ३९२ वर्षांनी दूरचित्रवाणीच्या झगमगाटात त्याच माणसांना इतरांचे गळे आवळणाऱ्या दुष्ट शक्ती म्हणून पुन्हा उभे करणे म्हणजे १६१२ च्या आरोपपत्रावर नव्याने सही करणे होय. भयकथा म्हणून कोणी ते लिहिले असते तर गोष्ट निराळी. येथे मात्र 'आम्ही अनुभवले' अशी साक्ष होती, आणि साक्षीने काय होते हे पेंडलला पुरेपूर ठाऊक आहे.

मालिकेजवळ इतिहासकार होते. डर्बीचे रिचर्ड फेलिक्स रंगून इतिहास सांगत आणि चाहत्यांना ते प्रियही होते. जेनेटची कथा पुढे काय वळण घेते, हे त्या दीर्घ प्रक्षेपणात शांतपणे सांगितले गेले असते तर एकाही खड्याची, एकाही किंकाळीची गरज भासली नसती.

१६३३ च्या सुमारास त्याच पेंडलच्या परिसरात एडमंड रॉबिन्सन हा दहा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि आपण चेटकिणींचा मेळा पाहिल्याचे सांगू लागला. अनेक जण पकडले गेले, ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. न्यायाधीशांना या वेळी शंका आली आणि त्यांनी प्रकरण राजाकडे पाठवले. लंडनला नेऊन विचारपूस करताच मुलाने कबुली दिली की सारे त्याने रचले होते. गुरे वेळेवर घरी आणली नाहीत म्हणून मार बसू नये, एवढ्यासाठी. फाशी टळली. पण तुरुंगातील मुक्कामाचा खर्च कैद्यांनीच द्यायचा अशी त्या काळची रीत होती आणि ज्यांच्याजवळ पैसा नव्हता ते आतच राहिले. दोषी ठरवलेल्यांत जेनेट डिव्हाइस नावाची एक स्त्री होती. आईविरुद्ध साक्ष देणारी ती हीच मुलगी, की केवळ नावसाधर्म्य, याचा निर्णय इतिहासकार खात्रीने करू शकलेले नाहीत. ऑगस्ट १६३६ च्या लँकेस्टर तुरुंगातील कैद्यांच्या यादीत तिचे नाव आहे.